पेशीतल्या वस्तू खाली का पडत नाहीत?

वेलांटी
लेक आठवीत आहे. काल पेशीची आकृती काढत बसली होती. केंद्रक, तंतुकणिका, गॉल्गी पिंड, सगळ्यांना नावं देऊन झाली. मधे उरलेल्या पांढऱ्या जागेकडे बाण काढून तिने लिहिलं, 'पेशीद्रव्य'. मग पेन्सिल तशीच धरून मला विचारलं, "आई, हे सगळं पातळ पदार्थात आहे ना? मग तळाशी का बसत नाही?"

मी वाणिज्य शाखेची. "घट्ट असेल ते," असं सांगून वेळ मारून नेली, पण तिला पटलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. पुस्तकात दोन ओळी आहेत: पेशीद्रव्य चिकट असतं, सतत हालचाल करतं, त्यात पेशीअंगकं विखुरलेली असतात. हालचाल कोण करवतं? विखुरलेली राहतात ती कशाच्या आधाराने? इथे जाणकार आहेत म्हणून धागा काढतेय. तिला समजेल अशा भाषेत कुणी सांगाल का?

रानवाट
प्रश्न फार आवडला. माझ्या परीने सुरुवात करतो.

त्या चित्रातली पांढरी जागा हीच पहिली अडचण. तिथे रिकामं काहीच नसतं. पेशीत पाणी साधारण ७० टक्के असतं हे खरं, पण पेशीद्रव्याच्या एका मिलिलिटरमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम प्रथिनंच असतात. शिवाय लाखोंनी रायबोसोम, आरएनए, क्षार, शर्करा. जत्रेतल्या गर्दीत उभं राहिल्यावर हात वर करायलाही जागा नसते, तसं प्रथिनांचं होतं. एखादं प्रथिन नुसत्या पाण्यात जितक्या लवकर पसरेल, त्याच्या तीन-चार पट वेळ त्याला आपल्या पेशीत लागतो.

दुसरं, आकार. तंतुकणिका साधारण एक मायक्रोमीटर जाडीची, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. इतक्या लहान वस्तूला पाण्याचे रेणू चहूबाजूंनी सारखे ढुशा देत असतात. पेशीच्या उंचीएवढ्या अंतरात या धक्क्यांपुढे तिच्या वजनाचं फारसं चालत नाही. त्यामुळे लेकीला सांगा की लहान वस्तूंसाठी 'खाली' ही दिशाच जवळपास नसते.

केंद्रकासारख्या मोठ्या वस्तूला मात्र हे उत्तर पुरत नाही. तिथे पेशीकंकाल, म्हणजे पेशीतलं धाग्यांचं जाळं आलं. त्यातलं मला वरवरचंच माहीत आहे.

जुईली
वाचतेय. वाचनखूण साठवली.

सूक्ष्मदर्शक
मी वनस्पतिशास्त्र शिकवते. तुमच्या लेकीचा प्रश्न प्रयोगशाळेत खरोखर विचारला गेलाय, म्हणून आधी तेच सांगते.

बेडकाचं अपक्व अंडं ही एकच पेशी असते, पण असते सुमारे एक मिलिमीटरची. तिचं केंद्रकही त्याच मानाने प्रचंड आणि त्यात शेकडो केंद्रिका, म्हणजे रायबोसोम जिथे घडतात ते गोळे, अगदी थेंबांसारख्या. २०१३ साली मरीना फेरिक आणि क्लिफर्ड ब्रँगविन यांनी या केंद्रकातलं ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचं जाळं औषधाने विस्कटून टाकलं. केंद्रिका खाली बसल्या आणि तळाशी एकमेकींत मिसळून मोठे थेंब झाले. म्हणजे इतकी मोठी पेशी असेल तर वस्तू खाली पडतात. जाळं धरून ठेवतं म्हणून पडत नाहीत. हा प्रयोग केंद्रकातला आहे, पेशीद्रव्यातला नाही, हे लक्षात असू द्या.

आणि काही ठिकाणी पेशी मुद्दाम पडू देते! मुळाच्या टोकावर जी टोपी असते तिच्या मधल्या पेशींत पिष्टकणांनी भरलेली जड लवकं असतात. रोप आडवं केलंत की ही लवकं काही मिनिटांत पेशीच्या नव्या तळाकडे सरकतात आणि मूळ पुन्हा खाली वळायला लागतं. मुळाला खालची दिशा कळते ती या पडण्यावरून. तुमच्या लेकीने जे व्हायला हवं होतं म्हटलं, ते तिथे होतं आणि झाडाच्या उपयोगी पडतं.

आता कंकाल. पेशीद्रव्यात तीन जातींचे धागे असतात. सर्वांत बारीक ॲक्टिनचे, साधारण ७ नॅनोमीटर जाडीचे. हे प्रद्रव्यपटलाच्या, म्हणजे पेशीच्या पातळ आवरणाच्या, आतल्या बाजूला दाट विणलेले असतात. पेशी सरपटते, आकार बदलते, विभाजनाच्या शेवटी मधोमध आवळून दोन होते, ते यांच्या आणि यांना ओढणाऱ्या मायोसिन या प्रथिनाच्या बळावर. सर्वांत जाड त्या सूक्ष्मनलिका: आतून पोकळ, बाहेरून २५ नॅनोमीटर, ट्युब्युलिन या प्रथिनाच्या सहसा तेरा रांगा गोलाकार जोडून झालेल्या. वस्तूंची ने-आण यांच्यावरून होते आणि विभाजनात गुणसूत्रं दोन बाजूंना ओढणारी चातीही यांचीच. यांच्या मधल्या जाडीचे, १० नॅनोमीटरचे, मध्यम तंतू. हे दोराप्रमाणे पिळलेले आणि चिवट असतात. केस आणि नखं ज्याची बनतात ते केराटिन या घराण्यातलं. त्वचेच्या तळच्या थरातल्या पेशींत त्याची एक जात सदोष निघाली तर नुसतं घासल्याने पेशी फाटतात आणि कातडीला फोड येतात. जन्मजात आजार आहे तो. मध्यम तंतूंचं काम काय, याचं यापेक्षा स्पष्ट उत्तर माझ्याकडे नाही.

रानवाट, गर्दीचं वर्णन उत्तम. एकच भर: पेशीअंगकं सोडून उरतो तो पेशीद्रव. ग्लुकोजच्या विघटनाची पहिली पायरी तिथेच होते, त्यामुळे त्याला भरताड समजू नका.

अर्धविराम
माझी 'कंकाल' या शब्दालाच हरकत आहे. मुलांना सांगाडा म्हटलं की हाडांचा सांगाडा डोळ्यांपुढे येतो: एकदा उभा राहिला की राहिला. सूक्ष्मदर्शकताई, या नलिका टिकतात किती वेळ?

सूक्ष्मदर्शक
हरकत अगदी रास्त आहे. विभाजन चालू नसलेल्या पेशीत बहुतेक सूक्ष्मनलिका काही मिनिटं टिकतात. विभाजन सुरू झालं की मिनिटभरही नाही.

हे १९८४ साली टिम मिचिसन आणि मार्क किर्शनर यांनी दाखवलं. तोवरचा समज असा की नलिका एक तर वाढत असेल किंवा आटत असेल, परिस्थितीप्रमाणे. यांना आढळलं की एकाच द्रावणात, एकाच वेळी, शेजारशेजारच्या दोन नलिकांपैकी एक संथपणे वाढतेय आणि दुसरी भराभर उसवतेय. स्वेटरचा शेवटचा टाका सुटावा तशी. ट्युब्युलिनची प्रत्येक जोडी नलिकेला लागते तेव्हा तिच्याजवळ जीटीपी हा ऊर्जा देणारा रेणू असतो. लागल्यावर थोड्या वेळात तो खर्ची पडतो. टोकाला नव्या, न खर्चलेल्या जोड्या आहेत तोवर नलिका धरून राहते. भर थोडी मागे पडली आणि खर्चलेल्या जोड्या टोकाशी आल्या की रांगा बाहेरच्या बाजूला वळून सुटत जातात.

पेशी एवढी ऊर्जा मोडतोडीवर का घालवते, हा माझा आवडता प्रश्न. विभाजनाच्या वेळी नलिकांना गुणसूत्रं शोधायची असतात आणि ती नेमकी कुठे आहेत हे त्यांना कुणी सांगत नाही. म्हणून त्या सगळ्या दिशांना वाढतात, काही लागलं नाही की मोडतात, पुन्हा दुसरीकडे वाढतात. ज्या नलिकेच्या टोकाला गुणसूत्र लागतं ती टिकते. चाचपडण्याची ही पद्धत टिकाऊ सांगाड्याला जमलीच नसती. त्यामुळे मी वर्गात बांधकामाच्या परांचीचा दाखला देते: लागेल तिथे उभी करायची, काम झालं की त्याच वाशांची दुसरीकडे.

अर्धविराम
परांची पटली. हे वाशे पूर्वी कुणाला दिसले कसे नाहीत? पेशीद्रव्य हा शब्द कोलिकरने १८६३ साली वापरला. आत काहीतरी सांगाडा असावा अशी कल्पना रशियातल्या कोल्त्सोव्हने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडली होती. मग सगळ्या पेशींत नलिका असतात हे कळायला १९६० नंतरचा काळ का उजाडावा लागला?

सूक्ष्मदर्शक
कारण बघण्याच्या तयारीतच त्या विरघळायच्या. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशी ठेवण्याआधी ती 'गोठवावी' लागते, म्हणजे रसायनाने आहे त्या स्थितीत पक्की करावी लागते. त्या काळी हे ऑस्मियम टेट्रॉक्साइडने आणि बऱ्याचदा थंड तापमानात करत. थंडीत सूक्ष्मनलिका सुट्या होतात! पेशी बघायला घेतली की तिच्यातलं सर्वांत महत्त्वाचं विणकाम उसवलेलं असायचं आणि मागे राहायची दाणेदार पोकळी. १९६३ साली ग्लुटाराल्डिहाइड वापरायची पद्धत सबातिनी, बेन्श आणि बार्नेट यांनी दिली आणि ठिकठिकाणच्या पेशींत नलिका दिसायला लागल्या. पक्ष्माभिकांतल्या, म्हणजे काही पेशींवर हलणाऱ्या केसांसारख्या धाग्यांतल्या, नलिका त्याआधीच माहीत होत्या, कारण त्या चिवट असतात.

शाळेच्या चित्रातली पांढरी जागा त्या जुन्या काळाचीच राहिली असं मला वाटतं. ती बदलायला हवी.

चांदणवेल
इतके दिवस नुसती वाचक होते. सूक्ष्मनलिका हा शब्द वाचून लिहावंसं वाटलं.

बाबांना रक्ताचा कर्करोग होता. उपचारात व्हिन्क्रिस्टिन होतं. तिसऱ्या-चौथ्या मात्रेनंतर त्यांच्या पायातली चप्पल चालताना निसटायची आणि त्यांना कळायचंच नाही. दोन पावलं पुढे जायचे. मीच मागून चप्पल उचलायचे. मग बोटं. सदऱ्याचं वरचं बटण लावायला आरशासमोर पाच-पाच मिनिटं उभे असायचे आणि मी मदतीला गेले की हात झटकायचे.

रुग्णालयात विचारलं तर "होतं असं" एवढंच उत्तर मिळालं. का होतं, आधी पायांनाच का, जाईल का, काहीच सांगितलं नाही. मला वाटायचं आजार मेंदूत गेला आणि आमच्यापासून लपवताहेत. कित्येक रात्री झोप लागली नव्हती. पुढे कुठेतरी वाचलं की हे औषध सूक्ष्मनलिकांवर काम करतं. पण पेशीतली नलिका आणि बाबांची चप्पल यांचा संबंध मला आजही नीट जोडता येत नाही. सांगाल?

सूक्ष्मदर्शक
चांदणवेल, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. मी डॉक्टर नाही, पण पेशीचा भाग सांगू शकते.

व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीपासून मिळतं. ते ट्युब्युलिनला चिकटतं आणि नलिका जुळू देत नाही. चाती उभी राहिली नाही की पेशीचं विभाजन अडतं आणि कर्करोगाच्या पेशी मरतात. यू जातीच्या झाडापासून मिळालेलं पॅक्लिटॅक्सेल उलट वागतं: नलिकांना सुटूच देत नाही. सुझन हॉर्विट्झ यांनी १९७९ साली हे दाखवलं. जुळू न देणं आणि सुटू न देणं, दोन्हीचा परिणाम मात्र तोच, विभाजन बंद. अर्धविराम यांच्या 'कंकाल' शब्दावरच्या हरकतीला याहून चांगलं उत्तर नाही: नुसतं बांधकाम पुरत नाही, पाडकामही चालू राहावं लागतं.

पण चेतापेशी तर विभाजित होत नाहीत, मग त्यांना का त्रास? पायाच्या अंगठ्याला पोहोचणाऱ्या चेतापेशीचं मुख्य शरीर कण्याजवळ असतं आणि तिथून निघालेला एकच तंतू अंगठ्यापर्यंत जातो. मोठ्या माणसात जवळपास एक मीटर. एकाच पेशीचा भाग! तिची बहुतेक प्रथिनं तयार होतात वर, कण्यापाशी. लागतात खाली, टोकाला.

ती आपोआप पसरत पोहोचतील का? हिशेब करून बघू. एखाद्या प्रथिनाला पेशीद्रव्यात १० मायक्रोमीटर पसरायला साधारण पाच सेकंद लागतात असं धरा. अंतर वाढलं की वेळ त्याच्या वर्गाच्या पटीत वाढतो. एक मीटर म्हणजे १० मायक्रोमीटरच्या एक लाख पट, त्याचा वर्ग एक हजार कोटी. पाच सेकंद गुणिले एक हजार कोटी म्हणजे दीड हजार वर्षांहून जास्त.

म्हणून वाहून नेणारे लागतात. १९८५ साली रॉनाल्ड व्हेल, थॉमस रीस आणि मायकेल शीट्झ यांना माखलीवर्गी स्क्विड या प्राण्याच्या जाड चेतातंतूत असं एक प्रथिन सापडलं, कायनेसिन. त्याला दोन पाय असतात म्हणा. एक पाय नलिकेवर रोवलेला, दुसरा पुढे पडतो. एका पावलात ८ नॅनोमीटर, एका पावलाला एटीपी या ऊर्जा देणाऱ्या रेणूचा एक कण. पाठीवर पिशवी. एका मीटरला बारा-साडेबारा कोटी पावलं होतात. एकच रेणू एवढं चालत नाही, ओझं या हातून त्या हाती जातं. परतीच्या वाटेला डायनिन असतं, वापरून झालेला माल आणि टोकाकडची खबर वर आणणारं. या जलद वाहतुकीचा वेग दिवसाला २०० ते ४०० मिलिमीटर, म्हणजे अंगठ्यापर्यंत तीन ते पाच दिवस.

हे सगळे ज्या नलिकांवरून चालतात त्याच नलिका औषधाने कमजोर होतात. सर्वांत लांबची वाट सर्वांत आधी अडखळते. म्हणून आधी पाय, मग हाताची बोटं. या त्रासाला इतरही कारणं आहेत, पण वाहतूक बिघडण्याचा वाटा मोठा मानतात. तुमच्या बाबांचे पाय आधी बधिर होणं हे मेंदूत काही गेल्याचं लक्षण नव्हतं. त्यांच्या सर्वांत लांब पेशी त्या होत्या.

चांदणवेल
तीन वेळा वाचलं. "सर्वांत लांबची वाट सर्वांत आधी" हे एक वाक्य तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

औषध थांबल्यावर सातेक महिन्यांनी बटण लागायला लागलं. आधी बोटं आली, पाय बरेच नंतर. तेही आता कळतंय.

रानवाट
चांदणवेल, _/\_
पाय उशिरा येण्याबद्दल: इजा झालेला चेतातंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर. नवं बांधकाम-साहित्य, म्हणजे कंकालाचीच प्रथिनं, या वाटेने जलद गाडीने जात नाहीत. ती संथ वाहतुकीने, दिवसाला काही मिलिमीटर अशी सरकतात. म्हणून एवढा वेळ.

जुईली
एक शंका. झाडांच्या पेशींना तर भित्तिका असते, त्या हलत नाहीत. मग त्यांना हे सगळं कशाला?

सूक्ष्मदर्शक
पेशी हलत नाही म्हणूनच आतलं हलतं. वनस्पतीपेशीत मधे मोठी रिक्तिका असते आणि पेशीद्रव्य कडेला पातळ थरात ढकललेलं असतं. हा थर गोल गोल फिरतो. कारा या गोड्या पाण्यातल्या शैवालाची एकेक पेशी काही सेंटिमीटर लांब असते आणि तिच्यातला प्रवाह सेकंदाला सुमारे १०० मायक्रोमीटर वेगाने वाहतो. बोनाव्हेंतुरा कोर्ती यांनी हे १७७४ सालीच पाहून लिहून ठेवलंय. तेव्हा पेशी म्हणजे काय हेही धड ठरलेलं नव्हतं.

वेलांटी, लेकीला हे दाखवता येईल. हायड्रिला या पाणवनस्पतीचं कोवळं पान घ्या, पाण्याच्या थेंबात काचपट्टीवर ठेवा, वर झाकणकाच. पान पातळ असतं, कापायची गरज नाही. सूक्ष्मदर्शकातून मधल्या शिरेजवळच्या लांबट पेशी बघा. आणि घाई करू नका, प्रकाशात पाच-दहा मिनिटं जाऊ द्या.

वेलांटी
उशीर झाला लिहायला. मैत्रीण महाविद्यालयात शिकवते, तिच्या प्रयोगशाळेत रविवारी जाऊन आलो.

पहिली दहा मिनिटं काही नाही. हिरव्या ठिपक्यांनी भरलेल्या विटा नुसत्या. लेक कंटाळून दुसरीकडे बघायला लागली होती. मग शिरेजवळच्या एका पेशीत एक ठिपका कोपऱ्यातून निघाला. त्याच्यामागून दुसरा. थोड्या वेळात अख्खी रांग भिंतीला धरून चाललेली, कोपऱ्याशी जरा अडायची, वळायची, पुन्हा चालायची. लेकीने घड्याळ लावलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत एका हरितलवकाला वीस-बावीस सेकंद. डोळा भिंगावरून काढेचना. मला म्हणाली, "आई, हे पान मी तोडून आणलंय आणि याला माहीतच नाहीये."

तिचा पुढचा प्रश्न: सगळे एकाच दिशेने का जातात? कुणीच उलटं कसं येत नाही?

सूक्ष्मदर्शक
वा! तिला माझ्याकडून शाबासकी द्या.

भिंतीलगत ॲक्टिनच्या तारांचे जुडगे असतात. ॲक्टिनच्या तारेची दोन टोकं सारखी नसतात, तिला बाणासारखी दिशा असते. लवकं आणि बाकीचा माल ओढणारं मायोसिन त्या बाणाच्या एकाच टोकाकडे चालतं. जुडग्यातल्या सगळ्या तारांचे बाण एकाच बाजूला असतात, म्हणून प्रवाहही एकाच बाजूला. कारामध्ये पेशीच्या एका अर्ध्या भागात बाण वर, दुसऱ्या अर्ध्यात खाली. मधे एक पट्टा असतो तिथे काहीच हलत नाही.

पुन्हा गेलात तर पट्टी बर्फावर ठेवून मग बघा. काय दिसतं ते आधी तिला सांगू नका.

वेलांटी
आज गेलो होतो. पट्टी बर्फावरून उचलून भिंगाखाली ठेवली तेव्हा सगळं थांबलेलं होतं. लेकीला वाटलं पान मेलं, चेहरा उतरला तिचा. पण जागची हलली नाही. काच हळूहळू कोमट होत गेली. सात मिनिटांनी (तिनेच मोजली) डाव्या भिंतीपासचा एक ठिपका थरथरला, मग सरकला. बर्फाआधी तिने वहीत त्या पेशीची आकृती काढून बाण करून ठेवले होते. ती वही जवळ ओढून बघत राहिली. ठिपके पुन्हा त्याच दिशेने निघाले होते.

तिच्या त्या आकृतीत आता पांढरी जागा नाहीये.